डाग गेला, काम संपलं

मी एक जुनी काठी आहे. एवढं वाचून लगेच डोळे ओले करू नका, मित्रांनो. मी कुणा म्हाताऱ्याचा आधार नव्हते की कुणा आंधळ्याची वाट नव्हते. मी लॉन्ड्रीतली काठी. उकळत्या पाण्यात कपडे दाबायचे, ढवळायचे, वर काढायचे, हे माझं काम. उंचीने मी तुमच्या खांद्याला लागेन आणि जाडीला मनगटाएवढी भरेन. स्वभावाने मात्र कडक आहे. काठीने मऊ राहून कसं चालेल?

आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी मला एका सुताराकडून करवून घेतलं. सुतार लाकूड निवडायला बसला की हे त्याच्या डोक्यावर उभे. गाठ असलेलं नको, चीक असलेलं नको, रंग सोडणारं तर अजिबात नको. पांढऱ्या चादरीवर लाकडाचा रंग उतरला तर गिऱ्हाईक आपल्या तोंडाला रंग फासेल, असं त्यांचं म्हणणं. सुतार वैतागला, पण त्याने मला घासून घासून अशी गुळगुळीत केली की माझ्यावरून रेशमाचा धागा ओढला तरी अडकला नसता.

मग माझी उमेदीची वर्षं सुरू झाली. मागच्या खोलीत तांब्याचा मोठा हंडा होता. सकाळी त्याखाली जाळ लागायचा, पाण्यात धुण्याचा सोडा पडायचा आणि लॉजच्या चादरी, हॉस्पिटलचे कोट, उशांचे अभ्रे त्यात रटरटायचे. कपड्यात हवा शिरली की तो फुग्यासारखा वर येतो. तो खाली दाबून त्यातली हवा काढायची, हे सोपं काम नाही. जोर जास्त लागला तर कापड फाटतं, कमी पडला तर मळ तसाच राहतो. मी कधी एक अभ्रा फाडला नाही. शिजून शिजून माझं खालचं टोक हाडासारखं पांढरं झालं. म्हातारे मालक गिऱ्हाइकांना दाखवायचे आणि म्हणायचे, "माझा थोरला मुलगा ही, धाकटा तो."

धाकटा म्हणजे आत्ताचे मालक. त्यांना वडिलांनी डाग वाचायला शिकवलं. चहाचा डाग कडेला गडद असतो, गंजाचा मध्यभागी. रक्त थंड पाण्यात काढायचं, नाहीतर ते जन्माचं बसतं. मालक त्यात इतके तयार झाले, की कपडा पाहून माणूस काय जेवला आणि कुठे पडला ते सांगायचे. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे, "डाग गेला, काम संपलं." लॉन्ड्रीत हे खरंही आहे. मालकांनी ते सगळ्या जगाला लावलं.

वडील गेले आणि मशिनं आली. हंडा मोडीत निघाला. मला कुणी मोडीत काढलं नाही, कारण लाकडाला मोडवाला हात लावत नाही. मागच्या दाराआड मी उभी राहिले, केरसुणीच्या शेजारी. माझ्यासारखीला केरसुणीचा शेजार! कोळ्यांनी माझ्यावर जाळी केली आणि मी वर्षानुवर्षं कुणाच्या हाताला लागले नाही.

अशात बोचकी आली. लॉजमधून मळक्या चादरींचं बोचकं आलं, मालकीणबाईंनी ते सोडलं, तर मधोमध कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू गाढ झोपलेलं. ते चादरीत कसं शिरलं, लॉजवाल्यालाही सांगता येईना. मालकांची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीने पिल्लू छातीशी धरलं आणि त्याचं नाव बोचकी ठेवून टाकलं. मालक म्हणाले, राहू दे, उंदीर तरी जातील.

बोचकी बेताचीच वाढली. इस्त्री केलेल्या गरम कपड्यांच्या गठ्ठ्याला पाठ लावून झोपायची आणि मालक स्कूटरवरून उतरायच्या आधी दारात हजर व्हायची. मालकांवर तिचा भारी जीव. चिमणीने हाक मारली तर आळोखेपिळोखे देत येणार, मालकांनी नुसतं खाकरलं तर धावत. मला तिचं कौतुक नव्हतं. एकदा ती माझ्या बुडाशी मुतली होती, आणि अपमान मी विसरत नाही.

वर्ष व्हायच्या आतच ती पहिल्यांदा माजावर आली. माज म्हणजे कुत्री वयात येऊन पिल्लं धरण्याजोगी होते तो काळ, मित्रांनो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिचं मागचं अंग सुजलं, ती सारखी स्वतःला चाटू लागली, खाणं टाकलं आणि लाल थेंब पडू लागले. घरातल्या फरशीवर पडले असते तर कुणी पुसले असते. ते पडले हॉस्पिटलच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरींवर.

मालकांनी चादर उलगडली आणि त्यांचा चेहरा बदलला. मुकादमबाई म्हणून हॉस्पिटलची एक बाई दर आठवड्याला चादरी मोजायला नाही, तर हुंगायला येई. तिने हे पाहिलं असतं तर काम गेलं असतं. मालकांचा हात दाराआड गेला, केरसुणी चाचपून पुढे सरकला आणि माझ्यावर आला. इतक्या वर्षांनी कुणाची तरी मूठ माझ्याभोवती आवळली, आणि मला बरं वाटलं. पहिला तडाखा बोचकीच्या पाठीवर बसला. ती ओरडली नाही. आपल्याला कशासाठी मारलं हे न कळून ती मालकांच्याच पायांशी लपायला गेली, म्हणून दुसराही बसला.

त्या संध्याकाळपासून मागच्या फाटकावर कुत्रे जमू लागले. कुठून कुठून आले देव जाणे. त्यांना हाकलणं हे माझं नवं काम ठरलं, आणि कामात मी कधी कुचराई केली नाही. मित्रांनो, बरगडीवर बसलेल्या तडाख्याचा आवाज पोकळ येतो आणि पाठीच्या कण्यावरचा भरीव येतो. नाकावर बसला तर आवाज येत नाही, पण कुत्रा पुन्हा येत नाही. हे सगळं मी त्या दिवसांत शिकले. एक दांडगा काळा कुत्रा मात्र हटेना. मालकांनी फाटकाच्या फटीतून त्याच्या पुढच्या पायावर मला अशी हाणली, की कटकन आवाज झाला. दुसऱ्या दिवशी तो तीन पायांवर आला आणि त्याच जागी बसला. त्याचं नाव लंगड्या पडलं. नाव कुणी ठेवलं म्हणाल, तर एका अर्थी मीच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचे कोट आमच्याकडेच धुवायला असत. त्या कोट न्यायला आल्या तेव्हा मालकीणबाईंनी विषय काढला. हिचं ऑपरेशन करून टाकू का, उद्याच घेऊन येऊ का, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी बोचकीला तपासलं आणि मान हलवली.

"आत्ता नको. माजात आतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त फार जातं. दोन-तीन महिन्यांनी करू. तोवर तीन आठवडे हिला दाराआड ठेवा. आणि रक्त थांबलं म्हणून लगेच सोडू नका. खरा धोका तेव्हाच असतो."

मालक इस्त्री करत होते. त्यांनी मान डोलावली, पण ऐकलं ते फक्त रक्त थांबण्यापर्यंत. माणूस आपल्या धंद्याच्या कानाने ऐकतो.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी एक पांढरा रुमाल बोचकीच्या मागे दाबून उजेडात धरायचे. लाल डाग गुलाबी झाला, गुलाबी डाग पिवळट झाला. दुसरा आठवडा सरता सरता रुमाल स्वच्छ निघाला. मालकांनी तो बायकोला दाखवला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. मालकीणबाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाई तर उलट सांगत होत्या. मालक हसले. डॉक्टरांना दवाखाना चालवायचाय, म्हणाले, डाग मला कळतो की त्यांना? आणि मागचं दार त्यांनी सताड उघडं टाकलं.

बोचकी उंबऱ्यावर थांबली, मग सरळ अंगण ओलांडून गेली आणि शेपूट बाजूला करून उभी राहिली. लंगड्याला कुणी बोलवावं लागलं नाही. फाटकाखालच्या मोरीतून तो पोटावर सरपटत आत आला.

मालकांनी पाहिलं तेव्हा दोघं एकमेकांत अडकले होते. कुत्र्यांचं तसंच असतं, काही वेळ त्यांना सुटता येत नाही. मालकांना हे माहीत नसेल असं नाही, पण त्यांच्या मनात त्या घटकेला कुत्री नव्हती, रुमाल होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. लंगड्याला पळता येईना आणि बोचकी त्याच्यामागे फरफटत गेली. मी दोघांवर पडत होते. कोणतं रडणं कुणाचं, मला ओळखू येत नव्हतं. मालकीणबाई ओल्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी मला मधेच पकडलं.

"अडकलेत ते. सुटतील तेव्हा सुटतील. तिला आतून फाडाल."

मालक थांबले. सुटल्यावर लंगड्या गेला. बोचकी मालकांजवळ आली, बसली आणि त्यांच्या हाताला नाक लावलं. कुत्र्याच्या जातीला अक्कल नाही ती अशी.

मालकीणबाईंनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की अजून वेळ गेलेली नाही. माज उतरला की महिनाभरात आणा, आत काही धरलं असलं तरी ऑपरेशनमध्ये सगळं एकदम निघेल, तिला त्रास होणार नाही. एवढं सोपं होतं, मित्रांनो. पण बोचकीला दवाखान्यात नेणं म्हणजे रुमाल खोटा होता असं कबूल करणं. मालकांनी ते केलं नाही. काही धरलंच नाही तर कापायचं काय, असं ते म्हणत राहिले. पुढे लॉजचा हंगाम आला, मशिनं दिवसरात्र फिरू लागली, मालकीणबाईंना मान वर करायला फुरसत मिळेना. बोचकीचं पोट वाढलं तेव्हा मालक म्हणाले की आयतं खाऊन सुटलीय. तिला दूध आलं तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत.

ती कपडे वाळवायच्या गरम खोलीत व्याली, एका सकाळी, चादरींच्या गठ्ठ्याआड. कूस लहान आणि बाप दांडगा, म्हणून तिचे फार हाल झाले. तरी पाच पिल्लं जिवंत निघाली, दोन काळी, तीन पांढरी. चिमणी शाळेतून आल्यावर दप्तर न काढता तिथेच बसून राहिली. तिने पाचांनाही नावं दिली. एका पांढऱ्या पिल्लाच्या कानावर काळा ठिपका होता, त्याचं नाव बटण.

मुकादमबाई त्या आठवड्यात आली आणि तिला वाळवायच्या खोलीतून चूंचूं ऐकू आलं. तिने पडदा सारला, पाहिलं आणि सोडला. पुढच्या वेळी जनावर दिसलं तर चादरी दुसरीकडे जातील, असं सांगून ती गेली. आवाजही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई लॉजच्या चादरी पोचवायला गेल्या होत्या, चिमणी शाळेत होती. मालकांनी बोचकीला हाक मारली. ती पिल्लं सोडून धावत आली, कारण हाक मालकांची होती. त्यांनी तिला इस्त्रीच्या खोलीत कोंडलं. मग एक जुना अभ्रा घेतला, त्यात पिल्लं भरली, तोंड नाडीने बांधलं आणि कपडे खळबळायच्या हौदात सोडलं.

अभ्रा हवा धरतो. तो वर आला.

मालकांनी मला आणलं. फुगलेला कपडा पाण्याखाली दाबून त्यातली हवा काढणं, हे मला जितकं चांगलं येतं तितकं दुसऱ्या कुणाला येत नाही. कापड फाटलं नाही. माझ्या टोकाखाली काहीतरी हलत होतं, मग कमी हलत होतं. इस्त्रीच्या खोलीचं दार आतून ओरबाडल्याचा आवाज येत राहिला. हवा गेली.

मालकांनी पिल्लं मागे पुरली. अभ्रा पिळला, उलटा करून बघितला. डाग नव्हता. त्यांनी तो दोरीवर वाळत घातला आणि मला पुसून दाराआड ठेवलं. नंतर ते बराच वेळ हात धूत होते, हे मात्र मी पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की पिल्लं चांगल्या घरी दिली. चिमणी रडली, पण प्रत्येक पिल्लू कुठे गेलं ते तिने विचारून घेतलं. मालकांनी पाच गिऱ्हाइकांची नावं घेतली. बटण बेकरीवाल्यांकडे, म्हणाले, तिथे त्याला खाऊची चंगळ. चिमणी त्यावर थोडी हसली. बोचकीला कुणी काही सांगितलं नाही. ती प्रत्येक मशिनच्या काचेत डोकावायची. तिचं दूध तटतटून दगड झालं. शेवटी तिने कुणाचा तरी ओला मोजा उचलून नेला आणि त्याला पोटाशी घेऊन निजली. मालक तो मोजा काढायला गेले, तर ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर गुरगुरली.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाले सदरे घ्यायला आले. काउंटरवर मालकीणबाई होत्या, मालक मागे इस्त्रीवर. चिमणी टाचा उंचावून पुढे झाली.

"काका, आमचा बटण कसा आहे? त्याला रात्री भीती वाटते का?"

"कोण बटण, बाळा?"

"पिल्लू. बाबांनी तुम्हाला दिलं ना."

बेकरीवाले बिचारे गोंधळून मालकीणबाईंकडे पाहू लागले. मालकीणबाईंनी सदरे बांधून दिले, नंतर या म्हणाल्या, आणि चिमणीला वरच्या खोलीत पाठवलं. मग त्या मागे आल्या. त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या. मालकांची नजर इस्त्रीवरून हौदावर गेली आणि हौदावरून दाराआड, माझ्यावर. मालकीणबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या टोकाकडे.

त्यानंतर मालकीणबाई स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दूध आटू द्या, मग पुढचा माज यायच्या आत ऑपरेशन उरकू, आणि दिवस ठरवून दिला. मालकांना त्या दिवशी हॉस्पिटलच्या चादरी पोचवायच्या होत्या. ते परत आले तेव्हा दारात बोचकी नव्हती. त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात ठेवलीय. उद्या आणीन," मालकीणबाई म्हणाल्या.

"मला विचारलं नाहीस?"

"मागच्या वेळी विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी बोचकी आली, पोटावरचे केस काढलेले, टाके घातलेले, गळ्यात प्लॅस्टिकचं भोंगं. टाके निघाले, केस आले. माज यायचा हंगाम आला आणि गेला, फाटकाशी एक कुत्रा फिरकला नाही. लंगड्या समोरच्या फुटपाथवर बसतो, पण तो ऊन खायला बसतो. मालक खाकरले की ती आता धावत येत नाही. मान वर करते, बघते आणि पुन्हा खाली ठेवते. मालक दिवसातून किती वेळा उगीच खाकरतात, ते मी ऐकते. मला त्यांची दया येत नाही.

मालकीणबाईंनी मला जाळायला काढलं. पाणी तापवायच्या बंबाशेजारी, मोडक्या फळ्यांसोबत मला आडवी टाकली. मला वाटलं, बरं झालं. तेवढ्यात बोचकी तिथून चालली होती. ती थबकली. माझ्या मुठीच्या बाजूला मालकांच्या हाताचा वास असणार, तिथे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती टोकाशी आली. लाकूड पाणी पितं, मित्रांनो, आणि प्यायलेलं सहजी सोडत नाही. तिने टोक हुंगलं, फार वेळ हुंगलं. मी वाट पाहत होते की ती आता दात रोवेल. मला ते हवं होतं. तिने टोक चाटलं. पिल्लू चाटतात तसं, खालून वर, पुन्हा खालून वर. मग ती माझ्याभोवती अंगाचं वेटोळं करून निजली, आणि पाणी तापवायची वेळ झाली तरी उठली नाही. मालकीणबाईंनी दोन फळ्या घातल्या आणि मला तशीच राहू दिली.

तेव्हापासून ती रोज माझ्यापाशी निजते. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. काठीला असं वाटतं, हेही मला माहीत नव्हतं.

मित्रांनो, घरी कुत्री आणाल तर तिच्यासाठी आधी डॉक्टरांकडे जा, आणि केव्हा ऑपरेशन करायचं ते त्यांना विचारून ठरवा. ठरलेला दिवस पुढे ढकलू नका. ती माजावर आली तर दार लावा आणि डॉक्टर सांगतील तोवर लावूनच ठेवा. तिला मारू नका, दारात येणाऱ्यालाही मारू नका. आपण वेळेवर काही केलं नाही, म्हणूनच काठी शोधावी लागते. आणि माझी एक विनंती आहे. मी उपयोगाची राहिले नाही, मला खुशाल जाळा. फक्त त्या वेळी बोचकीला दूर कुठेतरी फिरायला न्या.